दोरीबाहेरची तीन दुकानं

आमच्या गल्लीत सगळेच परदेशांतून आलेले. कोणी दहा वर्षांपूर्वी, कोणी चाळीस. जो आधी आला तो नंतरच्याला उपरा म्हणायचा, आणि शहर आम्हा सगळ्यांनाच. मी शिंपी. माझ्या दुकानाच्या तिरक्या अंगाला, गल्लीच्या तोंडाशी, दोन जावांचं मासळीचं दुकान. त्यांची नावं कधी कोणी विचारली नाहीत. थोरली आणि धाकटी, बस्स.

थोरली रुंद हाडाची, आवाज असा की पलीकडच्या चौकातला माणूस वळून बघावा. नवरा बोटीवर होता, तापानं गेला. दीरही बोटीवरच; त्याला तिनं सांगितलं, बायकोला बोलावून घे, माझ्या एकटीच्यानं होत नाही. धाकटी आली आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींचं वाजायला लागलं. सुरीला धार कोणी लावायची, बर्फ कोणी फोडायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचं कोणी. थोरली लोकांदेखत म्हणायची, "हिच्यावर विसंबू नका, हिला मासा आणि चप्पल यातला फरक कळत नाही." धाकटी मान वर न करता म्हणायची, "कळतो ना. या घरात येऊन दोन्ही खाल्लेत."

त्या वर्षी पोलीस कोठडीत एक तरुण मेला. चीड यावी असंच होतं ते. पहिल्या दिवशी मोर्चा निघाला तेव्हा थोरली दुकान बंद ठेवून त्यात चालून आली. दुसऱ्या दिवशी मोर्चा राहिला नाही, नुसती झुंड उरली. मोठ्या रस्त्यावरचं औषधांचं दुकान जळलं, चपलांचं दुकान रिकामं झालं. वीज गेली ती गेलीच. पोलिसांना फोन लावला की एकच उत्तर, दारं लावून घरात बसा.

पाचव्या दिवशी सकाळी टीव्हीवाल्याच्या गोदामात आम्ही दुकानदार जमलो. टीव्हीवाला आमच्या संघटनेचा अध्यक्ष. त्यानं हिशेबी डोक्यानं सांगितलं की गल्लीचं तोंड रुंद आहे, तिथं अडवायचं तर चाळीस माणसं लागतील. पंचवीस पावलं आत गल्ली अरुंद होते, तिथं बारा पुरतात. म्हणून तिथं जुने फ्रिज आणि हातगाड्या आडव्या टाकायच्या. आधी दोरी बांधून हद्द ठरली. दोरीचं एक टोक माझ्या दुकानाच्या खांबाला होतं. म्हणजे मी आत. बाहेर तीन दुकानं राहिली: या दोघींचं, लाँड्रीवालीचं आणि एका म्हाताऱ्या किल्लीवाल्याचं.

थोरलीनं विचारलं, "आणि आम्ही?"

"तुमच्याकडून काय नेणार ताई? वासच येतो नुसता," टीव्हीवाला म्हणाला.

लोक हसले. मीही हसलो. मग हात वर करा म्हटल्यावर मी हातही वर केला. थोरलीनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं, चिरताना आत किडे निघालेल्या माशाकडे पाहावं तसं, आणि निघून गेली.

दुपारी चारच्या सुमाराला काचा फुटल्याचे आवाज जवळ आले. आम्ही फ्रिजांच्या मागे, हातात सळया घेऊन. लाँड्रीवाली आणि किल्लीवाला मासळीच्या दुकानात शिरलेले आम्हाला दिसले. शटर उघडंच होतं. झुंड वळली. साठ-सत्तर जण असतील. निम्म्यांचे चेहरे ओळखीचे होते. एकाची पँट मीच आखूड करून दिली होती. पुढच्याच्या हातात पेट्रोलचा कॅन.

आणि थोरलीनं फ्रीजरचं झाकण उघडलं.

तीन दिवस वीज नव्हती. आत काय झालं असेल ते मी सांगत बसत नाही, आज एवढ्या वर्षांनीही जिभेवर येतं. वास आमच्यापर्यंत आला तसा आमचा बेकरीवाला सळई टाकून भिंतीशी ओकला. दोघी तोंडाला फडकी बांधून टबच्या टब रस्त्यावर ओतत होत्या. सडलेली आतडी, कल्ले, काळं पडलेलं रक्तपाणी. लाँड्रीवाली घमेल्यानं हात देत होती, आणि किल्लीवाला "डावीकडे, डावीकडे कोरडं राहिलंय" असं ओरडत होता.

"मावशी, तुम्हाला काही करणार नव्हतो!" कॅनवाला नाक दाबून म्हणाला.

"मग कॅन कशाला आणलास, आंघोळीला?"

तो पुढे यायला गेला, पाय सटकला आणि त्या राड्यातच बसला. मागचे दोघे त्याच्यावर. कोणी ओकायला लागलं, त्याला बघून दुसरा. पाच मिनिटांत झुंड माघारी वळली. दगडांना न घाबरणारी माणसं वासाला घाबरून पळाली. गल्लीत शिरायला दुसरी वाट नव्हती. आमच्या शूर बारा जणांना सळई उचलावीसुद्धा लागली नाही.

इथं थांबलं असतं तर बरं होतं. पण कॅनवाला पडताना घोट्यात दुखावला होता, त्याला उठता येईना. तो एकटा राहिलाय हे दिसलं तसा टीव्हीवाला फ्रिजावरून उडी मारून धावला. त्याच्यामागे आणखी चौघे. पडलेल्या माणसावर त्यांनी सळया चालवल्या. माझे पाय हलले नाहीत. मारायलाही नाही आणि अडवायलाही नाही.

थोरली मध्ये घुसली. हातात शेवटचा टब होता, तो तिनं टीव्हीवाल्याच्या डोक्यावर पालथा केला.

"आता आलात होय? पडलेल्याला मारायला बरे दोरी ओलांडून आलात!"

धाकटीनं कॅनवाल्याला काखेत धरून उठवलं. त्याचं कपाळ फुटलं होतं. तो लंगडत सुटला, कोपऱ्यावर थांबला आणि दोघींकडे बघून ओरडला, "परत जा आपल्या देशात, घाणेरड्या बायांनो!"

"बघितलंत? आणि तुम्ही याला वाचवलंत," धाकटी म्हणाली.

"गप. झाडू आण," थोरली म्हणाली.

दहा दिवसांनी सगळं निवळल्यावर कोणी बडा अधिकारी आला. नाकाला रुमाल लावून त्यानं टीव्हीवाल्याशी हात मिळवला, दुकानदारांच्या हिमतीचं कौतुक केलं. फोटो निघाले. मासळीच्या दुकानाच्या पायरीला सगळ्यांनी वळसा घातला. वास मुरला होता खरा. दोघी रोज सकाळ-संध्याकाळ दगड घासत होत्या तरी जात नव्हता.

महिन्यानं थोरली माझ्याकडे एक कागद घेऊन आली. तिला इथली लिपी येत नसे. "मास्तर, वाचा," म्हणाली.

संघटनेचं पत्र होतं. आपल्या दुकानातील दुर्गंधीमुळे इतर व्यापाऱ्यांना त्रास होत आहे, तरी आपण जागा बदलावी. मी वाचत गेलो. खाली नावं होती. टीव्हीवाला, बेकरीवाला, आणखी सात. ती वाचून मी कागदाची घडी करायला लागलो.

"अजून एक आहे खाली," ती म्हणाली. तिनं माझ्या दुकानावरच्या पाटीकडे बोट केलं, मग कागदावरच्या शेवटच्या ओळीकडे. "अक्षरं सारखीच दिसतात."

मी सही केली नव्हती. टीव्हीवाल्यानं विचारलं होतं, "तुझं घालू ना?" आणि मी शिलाई मशिनवरून मान न उचलता "घाल" म्हणालो होतो. तेवढंच. मी तिला तेही सांगितलं, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

"तुमच्यापेक्षा तो कॅनवाला बरा मास्तर. त्यानं शिवी तोंडावर दिली."

त्या गेल्या नाहीत. पत्र धाकटीनं मासे गुंडाळायला वापरलं, तेही टीव्हीवाल्याच्या बायकोचे. अजून तिथंच आहेत, अजून सुरीवरून भांडतात. मी मासळी घ्यायला जातो. थोरली नीट निवडून देते, मापात खोट नाही. फक्त पुडकं माझ्या हातात देत नाही. फळीवर ठेवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.