बाबांना दिसलेली शर्यत

बाबांचे डोळे माझ्या घरात गेले. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या या दोन खोल्यांच्या, मोठमोठ्या खिडक्यांच्या, उजेडाने भरलेल्या घरात. नातेवाईक म्हणतात, वय झालं होतं, काचबिंदू होताच, तू तरी काय करणार. मी हो म्हणते. पण जवळजवळ तीन महिने तो माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत होता, त्याची नजर रोज थोडी थोडी कमी होत होती आणि मला पत्ता नव्हता. याचा दोष वयाला देता येत नाही.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर स्कूटर चालवली, पण जीव अडकला होता मोटारींच्या शर्यतीत. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना एक विलायती मासिक मिळालं होतं. पन्नासच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारच्या एका जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीचं त्यात वर्णन होतं. शर्यत तासन्‌तास चालायची, दोन ड्रायव्हर आळीपाळीने एकच गाडी हाकायचे. पण बाबांना वेड होतं ते तिच्या सुरुवातीचं. ड्रायव्हर रस्त्याच्या या कडेला उभे, गाड्या त्या कडेला, इंजिनं बंद. झेंडा पडला की सगळे जिवाच्या आकांताने धावायचे, उडी मारून आत बसायचे आणि गाडी सुरू करायचे. "एवढी वेगाची गाडी, आणि सुरुवात माणसाच्या पायांनी," असं बाबा म्हणायचे. मला मोटारींतलं ओ की ठो कळत नाही, पण हे धावणं मला लहानपणापासून पाठ आहे.

इथे आल्यावर कळलं, की समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये एक ट्रॅक आहे आणि त्या काळातल्या खऱ्याखुऱ्या गाड्या तिथे अजून पळवतात. मी फोनवर सहज सांगितलं. बाबा म्हणाले, "तेवढं एक दाखव." त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आई गेल्यानंतर ते कुठे जायलाच तयार नसायचे. मी लगेच व्हिसाच्या मागे लागले. नव्वद दिवस मिळाले आणि शर्यत आली बाराव्या आठवड्यात. इन्शुरन्सचा फॉर्म भरताना विचारलं, आधीचा काही आजार? "काही नाही गं, ठणठणीत आहे." मी 'नाही'वर टिचकी मारून मोकळी झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलं होतं आणि यांनी ते 'लेकीकडून आल्यावर बघू' म्हणून पुढे ढकललं होतं, हे मला कोण सांगणार?

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी पिढी आमच्याकडे होऊन गेली. बाबा तेवढे जुने नव्हते. राहायचे, जेवायचे, वर भांडी घासायला उभे राहायचे. पण लेकीच्या घरी आजारपण काढायचं नाही, जावयाला आपल्यापायी सुट्टी घ्यायला लावायची नाही, हे मात्र हाडात मुरलेलं. बॅगेत माझ्यासाठी भाजणी होती, गोडा मसाला होता, लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. स्वतःच्या डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या दोनच. एकदा मी विचारलंही होतं, हे कसले ड्रॉप्स. म्हणाले, "डोळे कोरडे पडतात." दोन बाटल्या पुराव्यात म्हणून ते दिवसाआड घालायला लागले. तरी सहाव्या आठवड्यात संपल्याच. इथे चिठ्ठीशिवाय ते मिळत नाहीत, आणि चिठ्ठी हवी तर मला सांगावं लागणार. त्यांनी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मी काय करत होते? ओरडत होते. ते सायकलच्या लाल रस्त्यावर भरकटायचे, मागून घंटा वाजायच्या आणि मी दंड धरून त्यांना बाजूला ओढायचे. "बाबा, बघून चाला ना, इथे लोक थांबत नाहीत." चहा ओतताना कपाबाहेर सांडला की मी फडकं घेऊन धावायचे आणि तोंड वाकडं करायचे. एकदा सुपरमार्केटच्या काचेवर त्यांचं कपाळ आदळलं, तेव्हा तर मला लाज वाटली. त्यांची नव्हे, लोकांची. त्या दिवसाबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

शर्यतीच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ट्रॅकच्या मागे गाड्या मांडून ठेवल्या होत्या. एका म्हाताऱ्या डच मालकाने त्यांना बॉनेटला हात लावू दिला. बाबांनी दोन्ही तळहात पत्र्यावर फिरवले, रिव्हेट बोटांनी चाचपले आणि मला म्हणाले, "हाताने ठोकून घडवलंय. मशीनचं काम नाही हे." किती जाणकार माझे बाबा, म्हणून मी फोटो काढला. तो फोटो आता बघवत नाही. त्यात ते गाडीकडे बघतच नाहीयेत.

आम्ही स्टँडमध्ये बसलो. लाउडस्पीकरवर डचमध्ये घोषणा झाली, की सुरक्षेसाठी धावत सुरुवात होणार नाही. पुढे एक साधी गाडी चालेल, बाकीच्या तिच्या मागून एक फेरी मारतील आणि झेंडा पडला की वेग घेतील. मला एवढं डच कळतं. बाबांचा हिरमोड नको म्हणून मी ते सांगितलंच नाही. म्हटलं, दिसेल तेव्हा दिसेल. गाड्या रांगेने आमच्यासमोरून गेल्या, झेंडा पडला आणि असा आवाज उठला की बाक थरथरला. बाबांनी माझा हात घट्ट धरला. समोर सरळ बघत, हसत ते म्हणाले, "कसे धावले बघ! तो शेवटचा तर अडखळला, पण पोचला गाडीपर्यंत."

समोर मोकळा रस्ता होता. कोणी धावलं नव्हतं.

मी त्यांच्या डोळ्यांसमोर हळूच हात हलवला. पापणी हलली नाही. मग मी म्हटलं, "हो बाबा, पोचला." शर्यत संपेपर्यंत ते मला काय काय दिसतंय ते सांगत राहिले आणि मी हो हो म्हणत शेजारी रडत बसले. आवाजच इतका होता की त्यांना कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आणि तिथून लगेच हॉस्पिटल. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंचं इंग्रजी बाबांना कळेना, म्हणून मध्ये मी. त्यांनी विचारलं, कमी दिसायला कधी लागलं? बाबा म्हणाले, "महिना झाला असेल. हिने तिकिटं काढून ठेवली होती, कसं सांगणार?" मी भाषांतर केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन केलं तर उरलीसुरली, उजेड-अंधाराइतकी टिकेल. वडिलांना हे नीट समजावून सांगा.

बाबा मान वर करून माझ्या आवाजाची वाट बघत होते.

मी म्हटलं, "ऑपरेशन केलं की दिसेल म्हणतायत. मोतीबिंदूसारखंच असतं. वेळ लागेल थोडा."

आम्ही त्याच घरातले. जे त्यांनी माझ्याशी केलं तेच मी त्यांच्याशी केलं, आणि तेही प्रेमानेच. बाबांचा चेहरा असा खुलला की मला स्वतःची किळस आली. "मग पुढच्या वर्षी परत येतो," ते म्हणाले. "या खेपेला जरा धूसरच दिसलं, तुला म्हटलं नाही."

ऑपरेशन पुण्यात झालं. आत्या त्यांच्याजवळ राहायला आली आहे. दर रविवारी ते फोनवर विचारतात, शर्यतीची तारीख लागली का. खरं सांगायचं असं मी दर शनिवारी ठरवते. मागच्या आठवड्यात त्यांनी आत्याला घेऊन झेरॉक्सवाल्याचं दुकान गाठलं, व्हिसाचा फॉर्म छापून घेतला, सही केली आणि मला पाठवला. सही चौकटीच्या बरीच खाली, छापील मजकुरावरून गेली आहे, आणि शेवटची दोन अक्षरं कागदावर नाहीतच.