एकदाच विचारणारी माणसं

दोह्यातल्या त्या अमेरिकन विद्यापीठाचा मला पहिल्या दिवसापासून राग यायला लागला, तो तिथल्या थंडीमुळे. बाहेर ऑगस्टचा उकाडा असा, की टॅक्सीतून उतरल्या उतरल्या चष्म्यावर वाफ धरायची आणि काही दिसेनासं व्हायचं. आत शिरलं की दात वाजायला लागायचे. नाशिकच्या कॉलेजात पंधरा वर्षं रसायनशास्त्र शिकवून मी इथे दोन वर्षांसाठी व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून आले होते. खाऱ्या पाण्याने पाइप गंजतात, त्या गंजावर माझं काम. इमारत कतारमध्ये होती, पण दरवाजा ओलांडला की अमेरिका. बोलणं अमेरिकन, जेवण अमेरिकन, सुट्टीचे फलक अमेरिकन. ऑक्टोबरात टेबलाटेबलावर भोपळे मांडून ठेवले. मला वाटलं शेवटी भाजी करून वाटतील, निदान घारगे. छे! दोन आठवड्यांनी सगळे कचऱ्यात गेले.

आणि ते हसणं. कॉरिडॉरमध्ये समोरून येणारा जो तो "हाउ आर यू?" म्हणून हसायचा आणि मी उत्तरासाठी तोंड उघडेपर्यंत पाठमोरा झालेला असायचा. पहिल्या आठवड्यात मी दोघातिघांना थांबवून खरंच सांगितलं, की झोप लागत नाही, इथलं पाणी बाधलंय. त्यांचे चेहरे असे झाले, जणू मी त्यांच्याकडे उसने पैसे मागितलेत. मग मीही "फाइन, फाइन" म्हणत चालायला लागले आणि मनातून प्रत्येकाला नावं ठेवायला लागले.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती नाशिकला, तिच्या बाबांजवळ. निघताना मी तिला शब्द दिला होता, की मी आधी जाऊन घर लावते, दिवाळी झाली की तू आणि बाबा इकडे. नवऱ्याचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होण्यासारखं. सासूबाई दिरांकडे राहायला जाणार होत्या. सगळं ठरलेलं होतं. पोरीने शाळेत मैत्रिणींना सांगून टाकलं आणि स्वतःची सायकल मामेबहिणीला देऊनही टाकली.

रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. बाहेरून आलेल्यांचे कागद बघणारी एक अमेरिकन बाई होती, पन्नाशीची, सतत हसरी. तिने कॉफी विचारली. मी "नको नको" म्हटलं. तिने स्वतःचा मग भरून आणला आणि माझ्यासमोर बसून निवांत प्यायली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग तिने विचारलं, "तुमच्या फॅमिलीच्या व्हिसाचं काम लगेच सुरू करू का? मोठा फ्लॅटही आहे शिल्लक."

मी म्हणाले, "नो, नो, प्लीज. कशाला त्रास? काही घाई नाही."

"ओके!" असं म्हणून तिने काहीतरी टाइप केलं आणि मला लायब्ररीचं कार्ड दिलं.

आता यात माझं काय चुकलं? आमच्याकडे असंच असतं. कोणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. समोरचा आग्रह करतो. आपण पुन्हा नको म्हणतो. मग तो म्हणतो, "असं कसं, घ्यायलाच पाहिजे," आणि आपण म्हणतो, "बरं, एवढं म्हणताय तर." लहानपणी एकदा शेजारच्या काकूंनी विचारताक्षणी मी लाडवाला हात घातला, तर घरी आल्यावर आईने दंडाला असा चिमटा काढला, की आठवडाभर वळ होता. पहिल्या हाकेला हात पुढे करतो तो हावरट, हे माझ्या अंगात भिनलंय. ती बाई पुन्हा विचारेल, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. नव्या माणसाने आल्या आल्या "हो, द्या, मोठा फ्लॅट द्या" म्हणायचं? शोभतं का?

सप्टेंबर गेला. बाई दिसायची, हसायची, विचारायची नाही. मी मुलीचा फोटो फ्रेम करून टेबलावर ठेवला. ती आमच्या मजल्यावर आली की तो तिच्या बाजूला वळवून ठेवायचे. "सो स्वीट!" म्हणाली आणि गेली. ऑक्टोबरात मी तिला म्हटलं, घर फार सुनंसुनं वाटतं हो. तिने दुसऱ्या दिवशी मंगळवारच्या योगवर्गाचं पत्रक पाठवलं. अमेरिकन बाईने नाशिकच्या बाईला योग शिकायला पाठवावं! मी ते पत्रक फाडलं. एवढं डोळ्यांना दिसत असताना ही बाई तोंड उघडत नाही म्हणजे हिला मी इथे नकोच असणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तोंड वेंगाडून मी मागणार नव्हते.

दिवाळी आली आणि गेली. घरी फोनवर मी सांगत होते, "प्रोसेस चालू आहे." नवऱ्याने खोदून विचारलं नाही. मुलगी मात्र रोज विचारायची, आज काही कळलं का?

मी दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीत एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहत होते. शेजारी वसईचं कॅथलिक कुटुंब. बाई हॉस्पिटलात नर्स, म्हणून सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टवर, कंपनीच्या बसने जायचा-यायचा. मला सिस्टरचाही राग यायचा. ती बेल न वाजवता आत यायची, गॅसवरच्या भांड्यावरचं झाकण उचलून बघायची आणि "एवढंसंच?" म्हणायची. तिच्या दोन्ही मुली आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायच्या आणि संध्याकाळभर त्यांचा दंगा भिंतीपलीकडून ऐकू यायचा. त्या आवाजाचा सगळ्यात जास्त राग यायचा.

डिसेंबरात एक दिवस ती अशीच आत आली आणि म्हणाली, "ताई, तुमची मुलगी कधी येते?"

"बघू. ऑफिसवाले काही बोलतच नाहीत."

"तुम्ही फॉर्म दिला?"

मी झालेलं सांगितलं. तिने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"म्हणजे त्यांनी विचारलं आणि तुम्ही नको बोललात?"

"तसं नाही हो, म्हणायची एक रीत असते ना."

"रीत तुमच्या नाशिकला. इकडे एकदा विचारतात. नो बोललं की खलास. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, वर ताक मिळालं नाही म्हणून रडायचं! उद्या सकाळी जा, यल्ला, चला, तोंड उघडून सांगा."

तिला मी चहासुद्धा विचारला नाही. ती खरं बोलली होती, त्याचाच संताप आला होता.

दुसऱ्या दिवशी गेले. अमेरिकन बाईने फाइल उघडली आणि हसतच म्हणाली, "पण तुम्ही तर नको म्हणाला होता!"

मी सांगितलं, की ते शिष्टाचार म्हणून.

तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चेष्टा नव्हती ती, तिला खरंच कळत नव्हतं. "पण तुम्हाला हवं होतं, तर नको का म्हणालात?"

"तुम्ही पुन्हा विचारायला हवं होतं."

"तो दबाव झाला असता. आम्ही तुमच्या निर्णयाचा आदर केला."

त्या आदराला मी मनातल्या मनात अशा शिव्या हासडल्या, की आईने ऐकल्या असत्या तर दुसरा दंडही काळानिळा केला असता. आता फॅमिली फ्लॅट संपले होते. पुढच्या ऑगस्टपर्यंत काही होण्यासारखं नव्हतं.

घरी मी सांगितलं, ऑफिसने घोळ घातला. नवऱ्यालाही तेच सांगितलं, मुलीलाही. ती पहिल्या दिवशी खूप रडली. मग माझ्याकडून तिला त्या बाईचे किस्से मिळायला लागले. ती कशी दात काढते, कशी कॉफी ढोसते, कशी कोणाचं काम करत नाही. आम्ही तिचं नाव भोपळेबाई ठेवलं. रोज फोनवर मुलगी विचारायची, आज भोपळेबाईने काय केलं? आणि मी रंगवून सांगायचे. थोडं माझ्या पदरचं घालायचे. मुलगी तिकडे खदखदून हसायची, म्हणायची, "दुष्ट आहे मेली." मला बरं वाटायचं. एवढ्या लांबून आम्हा दोघींना मिळून करता येण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

फेब्रुवारीत ऑफिसकडून ऑगस्टसाठीचे कागद आले. नवऱ्याच्या सह्या लागणार होत्या. मी ते ईमेल जसंच्या तसं, खालपर्यंत न वाचता, त्याला पुढे पाठवलं आणि प्रयोगशाळेत गेले.

शनिवारी व्हिडिओ कॉल लावला तर मुलगी एकटीच समोर बसलेली. हातात प्रिंट काढलेले कागद.

"आई, हे शेवटचं पान बघ. गेल्या ऑगस्टची तारीख आहे. त्या बाईने लिहिलंय, फॅमिली व्हिसा आणि मोठा फ्लॅट ऑफर केला, पण स्कॉलरने नकार दिला. स्कॉलर म्हणजे तू ना?"

"हो. पण अगं, ते तसं नव्हतं."

मी समजावून सांगायला लागले. आपल्याकडची रीत, आजीचा चिमटा, लाडू, कॉफी, सगळं. वर्गात शिकवावं तसं शिकवलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, "लाडवाला नको म्हण ना, आई. पण ती मला आणण्याबद्दल विचारत होती."

मी चष्मा काढून पुसायला लागले.

"आणि मग आपण इतके दिवस त्या बाईला शिव्या का घालत होतो?"

तिने फोन तिथेच ठेवला आणि उठून गेली. पडद्यावर आमच्या हॉलचा पंखा दिसत होता. थोड्या वेळाने नवऱ्याचा चेहरा आला.

"कागदांवर सह्या करायच्या थांबलोय," तो म्हणाला. "ती यायचं नाही म्हणतेय."

"रागात आहे. तू तिला पुन्हा विचार."

"सकाळपासून तेच करतोय," तो म्हणाला.