हुसेनबींचं रान

हुसेनबींनी कबनूरला मागाच्या शेडमध्ये तीस वर्षं कांड्या भरल्या. त्या खडखडाटानं त्यांचे कान पार गेले. नवरा वारल्यावर लेक नुजहत त्यांना कोल्हापुरात आपल्या घरी घेऊन आली. घरामागं चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. जावई मुनव्वर गुलाब आणायला निघाला, तर हुसेनबींनी अडवलं. त्यांचं माहेर राधानगरीकडचं. त्यांना तिकडची रानफुलं हवी होती, तेरडा आणि सोनकी.

माहेराहून मागवलेलं बी त्यांनी जूनमध्ये टाकलं. श्रावणात रोपं वीतभर झाली. एका रविवारी त्या दवाखान्यात गेल्या असताना मुनव्वरनं तण समजून सगळी उपटली आणि जागा लख्ख झाडून ठेवली. हुसेनबी आल्या, बघितलं आणि आत गेल्या. दोन दिवस त्या मागच्या दाराकडं फिरकल्या नाहीत.

"अम्मीची रोपं हुती ती," नुजहत म्हणाली.

"मला गवत वाटलं की गं!" मुनव्वर म्हणाला.

दसरा झाल्यावर नवं बी आणायला त्यानं सासूला मोटारसायकलवर बसवलं आणि राधानगरी गाठली. रस्त्याकडेला तेरड्याच्या शेंगांना हात लावला की त्या तटकन फुटायच्या, बी उडून जायचं. गुडघ्यांवर रांगणारा जावई बघून हुसेनबी खळखळून हसल्या.

"तसं न्हाय. आधी मूठ झाक, मग दाब."

पुढं खुळखुळ्याच्या झुडपावर वाळलेल्या, आत बी वाजणाऱ्या शेंगा दिसल्या. मुनव्वरनं सवयीनं एक त्यांच्या कानाशी वाजवली आणि ओशाळला. हुसेनबींनी ती घेतली, तळहातात मिटून हलवली.

"कळतंय की मला," त्या म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात आणलेलं सगळं बी पेरून मुनव्वरनं वाफ्याभोवती दोरी बांधली. शेजारच्या आक्का भिंतीवरून ओरडल्या, "काढ की ते रान, किडं हुतील!"

"ह्यातलं पान बी हलायचं न्हाय, आक्का," मुनव्वर म्हणाला.

भाद्रपदात तेरडा गुलाबी झाला. गौरीसाठी आक्काच मागायला आल्या. हुसेनबींनी चांगली मोठी पेंडी कापून दिली. मग सोनकी पिवळी झाली, आणि आश्विनात खुळखुळ्यावर काळी, फिक्या निळ्या पट्ट्यांची फुलपाखरं उतरली. इतकी, की फांद्या वाकल्या. सकाळी चहा घेऊन हुसेनबी दारात बसतात. एखादं त्यांच्या मनगटावर टेकतं. मुनव्वरला कामावर जायला रोज उशीर होतोय.

काल आक्कांनी आपल्या अंगणातल्या दोन फरशा उखडल्या. बी कधी टाकायचं, ते हुसेनबींना विचारायला त्या आज संध्याकाळी येणार आहेत.