फटफटीचा माग

वऱ्हाडात यंत्रयुग अवतरलं ते माझ्या मामाच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली, असं माझं ठाम मत आहे. इतकंच नव्हे, तर शर्यतीच्या मोटारसायकलची चोरी कशी टाळावी आणि झालीच तर तिचा माग कसा काढावा, या दोन्ही शास्त्रांचा पायाही तिथेच घातला गेला. इतिहासकारांनी याची दखल घेतलेली नाही. तो त्यांचा प्रश्न आहे.

आमचा वऱ्हाड त्या सुमारास एका राज्यातून उठून दुसऱ्या राज्यात जाऊन बसला होता, आणि वाशीम अजून अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी मंगरूळपीरच्या शाळेत नवा मास्तर होतो. सुट्टी मिळाली की किन्हीराजाच्या बाजूला मामाच्या गावी जायचो. मामा शेतकरी, पण त्याला लोक ओळखायचे ते बैलांमुळे. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्याची पांढरी जोडी सुटली की आजूबाजूच्या गावांतली माणसं हातातली चिलीम विसरायची. ही जोडी त्याने दिवाळीत पलीकडच्या गावच्या पाटलांना विकली आणि लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली एक खाकी फटफटी घरी आणली.

मामीने पुष्कळ दिवस अबोला धरला. मग एकदाच बोलली.

"येत्या पटाच्या दिवशी हे लोखंड नांगरटीतून धावलं तं राहू द्या. नाही धावलं, तं ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं जाईन, अन् माहे बैल परत दावणीले येतीन."

मामाने लगेच मान्य केलं. त्याला फटफटी ठेवायचीच होती, आणि त्या वर्षी पटाच्या कमिटीनेही प्रगती करायचं ठरवलं होतं. आधी फटफट्यांची शर्यत होणार होती आणि बैलांची त्यानंतर. नांगरलेल्या काळ्या रानातून निघायचं, नाला ओलांडायचा, पलीकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, वळसा घालून परत यायचं. कमिटीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष होते. फटफट्या दोन होत्या. दुसरी कारंज्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाची.

पटाच्या बैलांना आधीचे काही दिवस फार जपावं लागतं. कोणी नजर लावतं, कोणी चाऱ्यात काहीबाही टाकतं, कधी बैलच पळवतात. मामाला बंदोबस्त ठाऊक होता तो बैलांचा, आणि तोच त्याने फटफटीला लागू केला. खोगिराला तापल्या सळईने डाग दिला. पुढच्या दिव्याला काळा दोरा बांधला. हलवली तर कळावं म्हणून गळ्यात, म्हणजे जिथे गळा असावा असं त्याला वाटलं तिथे, घुंगरमाळ घातली. आणि हँडलची दोन टोकं शिंगं समजून त्यांच्यामागून साखळीचा वेढा देऊन ती कडुनिंबाला बांधली. मंगरूळच्या मिस्त्रीने सांगितलेला एकच उपाय यंत्राला साजेसा होता. रोज संध्याकाळी प्लग काढून मामा तो पानाच्या चंचीत सुपारीसोबत ठेवायचा.

"मास्तर," मामा मला म्हणाला, "आता देव जरी आला तरी नेत नाही."

पटाच्या दिवशी सकाळी कडुनिंब जागेवर होता, साखळी जागेवर होती, फटफटी नव्हती.

साखळी तुटली नव्हती. तिचं कुलूपही शाबूत होतं. बैलाच्या शिंगांमागे घातलेला वेढा बैल ओढतो म्हणून आवळतो. फटफटी ओढत नाही. चोराने वेढा नुसता वर उचलून बाजूला ठेवला होता, तोही नीट गुंडाळून.

"तुले आवाज नाही आला?" मामाने मामीला विचारलं.

"आला ना. घुंगरं वाजली. मले वाटलं कापसाच्या बंड्या कारंज्याच्या बजारात चालल्या."

"अन् तू झोपूनच राह्यली?"

"तुमीही झोपूनच होते. तुमचाही आवाज येऊन राह्यला होता, तो सांगू काय?"

पटाच्या बंदोबस्तासाठी एक जमादार गावात आलेच होते. ते पट्टा आवळत अंगणात आले, खाटेवर बसले आणि चौकशी सुरू झाली.

"रंग?"

"खाकी."

"वय?"

"लढाईतली हाय."

"दात?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं.

"सवय हाय, भाऊ," जमादार म्हणाले. "आजवर या भागात जनावरंच चोरीले गेली. शिंगं मी इचारली नाही, तेवढं ध्यानात घ्या."

माग काढायला फार हुशारी लागली नाही. अंगणाच्या मागच्या धुळीत रबरी चाकाची एकच रेघ होती आणि तिच्या दोन्ही अंगांना खुरांचे ठसे. बंडीला दोन चाकोऱ्या असतात. एका चाकोरीची बंडी गावाने पाहिली नव्हती, म्हणून अर्धं गाव ती पाहायला जमलं. प्लग चंचीत असल्याने फटफटी चालू होणं शक्य नव्हतं. चोराने ती बैलांना जुंपून नेली होती.

मामा ठशांजवळ उकिडवा बसला. उजव्या बाजूच्या बैलाचा मागचा खूर किंचित बाहेर पडत होता. जमलेल्या प्रत्येकाला तो खूर कोणाचा ते कळलं, कारण पटात त्या खुरामागे टोप्या उडवण्यात सगळ्यांचीच उमर गेली होती. ती मामाने विकलेली जोडी होती.

"पाटील!" जमादार उठले.

मामा मात्र बसूनच होता. ठशावर हात ठेवून म्हणाला, "नाल नवे ठोकले पाटलानं. चांगले ठोकले." मामीने हे ऐकलं आणि पदर कमरेला खोचून सगळ्यांच्या पुढे चालायला लागली.

रेघ नाल्याकडे गेली. नाल्यापलीकडे वाट फुटते. डावी वाट पाटलांच्या गावाला जाते आणि उजवी मामाच्या शेताला. डावीकडे वळायचा प्रयत्न झाल्याचं धुळीत दिसत होतं. चाक तिकडे वळलं होतं, काही अंतर तसंच घासत गेलं होतं. खुरांनी त्याची दखल घेतली नव्हती. पाटलांनी हँडल वळवलं, पण बैल काही हँडलला बांधलेले नव्हते.

रेघ मामाच्याच शेतातल्या गोठ्यात शिरत होती. आत पांढरी जोडी आपल्या जुन्या जागी उभी राहून रिकामी गव्हाण चाटत होती. मागे दोरखंडाला बांधलेली फटफटी आडवी पडली होती. पलीकडे पाटील, पटासाठी बांधलेला नवा फेटा सांभाळत, उलट्या टोपल्यावर बसले होते. पळून जावं तर पटाच्या दिवशी जोडी सोडून जायचं, आणि जोडी हलायला तयार नव्हती.

"तुमचे बैल बेइमान हायेत," पाटलांनी मामाला पाहताच तक्रार केली.

"इमानदार हायेत," मामी म्हणाली, "म्हणून तं इथं आले. तुमी सांगा, फटफटी काहून नेली?"

"मंग काय करू? पिढ्यान्‌पिढ्या पट बैलांचा. यंदा आधी फटफटी, मागून बैल! फेटे बांधून आमी काय तुमचा धूर खात उभं राहावं? शर्यत आटपली की आणून देणारच होतो."

जमादारांनी तोवर गोठ्याला दोन फेऱ्या मारल्या होत्या. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"फटफटी कोणाची?"

"माही," मामा म्हणाला.

"सापडली कोणाच्या गोठ्यात?"

"माह्याच."

"म्हणजे चोरी झालीच नाही. बैल कोणाचे?"

"माहे," पाटील म्हणाले.

"सापडले कोणाच्या गोठ्यात?"

पाटलांचा चेहरा हळूहळू उजळला.

"जमादारसाहेब," ते टोपल्यावरून उठून म्हणाले, "माहे बैल चोरीले गेले."

कायद्याचा असा खोल अभ्यास मी नंतर मोठ्या वकिलांमध्येही पाहिला नाही. मामीने चहा ठेवला नसता तर मामाला त्या सकाळी तालुक्याला नेलं असतं. दोन्ही बाजूंनी चहा घेतला, बैलांनी कडबा खाल्ला, आणि मामा स्वतः चालत पुढे झाला तेव्हा कुठे जोडी गोठ्याबाहेर पडली.

दुपारी शर्यत झाली. कारंज्याची फटफटी मोटारीच्या टपावरून आली. तिचा मालक गॉगल लावून उतरला, नांगरट पाहून त्याने गॉगल काढला आणि त्याच मोटारीने परत गेला. अध्यक्षांनी यंत्रयुगावर भाषण केलं, उपाध्यक्षांनी अध्यक्षांवर केलं. मग स्वागताध्यक्षांनी रुमाल हलवला आणि उरलेला एकमेव स्पर्धक निघाला.

मामा खरोखर चांगला धावला. ढेकळांवरून उडत, दोन्ही पाय हवेत धरून, लोकांच्या आरोळ्यांत तो नाल्यापर्यंत पोचला आणि नाल्यात उतरला. तिथून वर आला तो फक्त आवाज. थोड्या वेळाने तोही बंद पडला. चाकं अर्धी चिखलात होती. मामाने खूप वेळ लाथा मारून पाहिल्या. मग तो खोगिरावर नुसता बसून राहिला.

मामी काठावर आली. मला वाटलं, आता ती अटीची आठवण करून देणार. तिने दिली नाही.

"उतरा," ती म्हणाली. "चांगला माणूस असा चिखलात बरा दिसत नाही."

मामाने मान वर केली नाही. "पाटलाले बैल मांगू काय?"

"मांगा. पण वढून काढाले नोका मांगू. ठेवाले मांगा."

मामाने हँडलवरचा चिखल पुसला. मग खोगिरावर एक थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात, आणि उतरला.

पाटील काठावर जोडी धरून उभेच होते. त्यांनी खाली फटफटीकडे पाहिलं, मग जोडीकडे. जोडी मामाकडे पाहत होती.

"तसे हे माह्या दावणीले टिकत नाहीत," ते म्हणाले. "अन् आमच्या गावात फटफटी कोणापाशीच नाही."

सौदा नाल्यातच झाला. जोडीने फटफटी बाहेर ओढली, आणि नंतर पटात दुसरा नंबर काढला. मामा त्या रात्री गोठ्यात झोपला.

फटफटी पुढे कित्येक वर्षं पाटलांच्या अंगणात उभी होती. पाटील ती चालवायला कधी शिकले नाहीत. तिला साखळी नव्हती, कुलूप नव्हतं, घुंगरंही नव्हती, तरी तिला कोणी हात लावला नाही. तिच्या खोगिराखाली कोंबड्या अंडी घालत. अंडी मात्र अधूनमधून चोरीला जायची.