पहिल्या क्रमांकाचं बाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तो हसला असता, आणि मीही हसून मोकळी झाले असते. मोकळं व्हायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

वर्ध्याच्या एका सचित्र साप्ताहिकात मी प्रुफं आणि ब्लॉकांचं कपाट सांभाळायची. सचित्र म्हणजे काय – पानाला एखादा फोटो. तो एस.टी.नं नागपूरला जायचा, तिथून त्याचा जस्ताचा ब्लॉक बनून यायचा. आमच्या मशीनवर छापला, की मंत्री कोण आणि बक्षीस मिळवलेला बैल कोण, हे खालची ओळ वाचूनच कळायचं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी आमच्या गुटगुटीत बाळांच्या स्पर्धेत समुद्रपूरच्या मंजुळाबाईंचा मुलगा पहिला आला. बाजारात आलेल्या फिरत्या फोटोवाल्यानं काढलेला त्याचा एकुलता एक फोटो. मागे कुणाकडून तरी लिहून घेतलेलं – ‘सांभाळून वापस करणे’.

मी काय केलं? त्यावर चिकटवायच्या खळीचा बरबटलेला डबा ठेवला. उचलला, तर बाळ फोटोत आणि चेहरा डब्याच्या बुडाला.

संपादक पाच पावलांवर बसले होते. का नाही सांगितलं? त्याच सकाळी मी मशीनवाल्याला सगळ्यांसमोर ‘निष्काळजी’ म्हणून झापलं होतं – आता त्याच तोंडानं?

कपाटातून जुना ब्लॉक काढला. दोन वर्षांपूर्वीचा तिसरा क्रमांक – बदली होऊन गेलेल्या एका तहसीलदारांचं बाळ. अंक छापला, वाटला. एकाही वाचकाला शंका आली नाही.

आईला आली. मंजुळाबाई पहिल्या बसनं आल्या आणि अंक माझ्या टेबलावर ठेवला. “बाई, हे माहं पोरगं नाई.”

डब्याचं सोडा – खरा गुन्हा इथून पुढे आहे.

“छापल्यावर तसंच दिसते,” मी म्हणाले.

“मंग नाक काऊन चपटं झालं?”

“मशीनचा दाब पडते ना.”

“अन् जावळ? डोकं तं पुरं टकलं दिसते!”

“बारीक केस जस्तावर उमटत नाहीत.”

मंजुळाबाईंनी अंकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शिकलेली, चष्मेवाली. “तुमाले जास्त समजते, बाई,” शेवटी म्हणाल्या. मूळ फोटो नागपूरवाल्यानं हरवला, हेही मी ठोकून दिलं. जाताना त्यांनी आणखी दोन अंक मागून नेले!

दहा-अकरा वर्षं गेली. साप्ताहिक बंद पडायला आलं होतं. मुलाला वर्ध्याच्या शाळेत घालायला आलेल्या मंजुळाबाई त्याला मुद्दाम मला दाखवायला घेऊन आल्या. पोरगा तरतरीत, नाक धारदार. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेलं कात्रण काढलं.

“हा मी नाई,” पोरगा म्हणाला. “कवापासून सांगून राह्यलो मायले.”

“गप रे! तुले पाळण्यातलं आठवते काय? ज्यायनं छापलं त्यायले विचार.”

दोघंही माझ्याकडे बघू लागले. आता संपादक नव्हते, मशीनवाला नव्हता, नोकरीही संपतच आली होती. भीती कशाची होती मला? सांगा – कशाची?

“तूच आहेस तो,” मी म्हणाले.

“पाह्य! मी म्हणत नोती?” मंजुळाबाई खूश झाल्या.

पोरानं बोट लावून आपलं नाक चाचपून पाहिलं.