माडीवरचे भाडेकरू आणि तासगावचा लबाड भोंगा

हाकेला ओ न देण्याची विद्या ज्यांना पूर्णत्वाने साध्य झाली आहे, असे एकच गृहस्थ माझ्या आयुष्यात आले, आणि दैवयोगाने ते सांगलीत आमच्याच माडीवर भाडेकरू होऊन आले. मूळचे वडूजकडचे, सैन्यात बिनतारी यंत्रांच्या सहवासात उमर घालवून निवृत्त झालेले. नवल असे, की यंत्रांना हाका ऐकायला शिकवणे हाच त्यांचा उद्योग. त्यांनी मला तो एकदा जिन्यात उभ्या उभ्या समजावला. "गुरुजी, काँप्युटरच्या अंगाला बारक्या पिना असत्यात. परत्येकीचं आधी ठरवायचं, हिनं ऐकायचं का बोलायचं. ऐकणारीवर कुणी हाक दिली, की काँप्युटरनं हातातलं काम टाकून उठायचं. त्येला इंटरप्ट म्हणत्यात. ही शिस्त लावणारा जो प्रोग्राम लिवत्यात, त्यो ड्रायव्हर." मी विचारले, "आणि आपल्या पिना कोणत्या?" वरून त्यांच्या पत्नीच उत्तरल्या, "ह्यांच्या समद्या बोलायच्याच हायती!"

जेवायला एकदाच हाक मारायची, असा त्यांचा घरात दंडक होता. बाराची हाक ऐकून ते साडेचारला पाटावर येत आणि शांतपणे सांगत, "हाक मिळाली व्हती. रांगेत व्हती." दुसऱ्याच्या कामात शिरताना मात्र त्यांना रांग ठाऊक नसे. मी संध्येला बसून प्राणायामासाठी नाक धरले, की जिन्यावर पावले वाजलीच. "तुमी बोलू नका गुरुजी, नुसतं ऐका." नाक धरलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

गेल्या हंगामात त्यांच्या बहिणीची वर्षाची द्राक्षे तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर वाळत पडली होती. वाळत्या बेदाण्याला अवकाळी पावसाचे पाणी लागले, की माल काळा पडतो. म्हणून यांनी पत्र्यावर थेंब ओळखणारी पट्टी बसवली, तिची तार शेडमधल्या एका चिमुकल्या काँप्युटरच्या पिनला जोडली आणि थेंब पडताच भोंगा वाजेल असा ड्रायव्हर लिहिला. भोंगा झाला, की कामकरी बायकांनी धावत जाऊन पडदे सोडायचे. भोंगा वाजू लागला. आभाळ मात्र स्वच्छ! वीज जाऊन परत आली आणि यंत्र जागे झाले, की आधी कोकलायचे. पहिल्या दिवशी बायका धावल्या, दुसऱ्या दिवशी चालत गेल्या, तिसऱ्या दिवशी एक म्हणाली, "बोंबलू दे गं, त्येला खोडच हाय." बहिणीचा फोन आला. "दादा, तुजा भोंगा लबाड हाय. खरा पाऊस आला तर कोण उठंल रं? माझं वरीस पाण्यात जाईल." त्या दिवशी साडेचारलाही ते पाटावर आले नाहीत.

पाच दिवस तासगावला खेटे घालून त्यांनी पिनचा क्रमांक पडताळला, तार बदलली, पट्टी पुसली. सहाव्या सकाळी माझ्या पूजेपाशी येऊन बसले, आणि चक्क गप्प! मी रोजच्या क्रमाने देवांवरची कालची फुले उतरवली, मग घंटेला गंध लावले. "गुरुजी, ती फुलं तशीच ठेवून घंटा वाजवली तर?"

"निर्माल्य न काढता केलेली पूजा आजची कशी म्हणावी?"

ते घंटेकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, "आयला, गुरुजी!" आमच्या देवघरात हा उद्गार प्रथमच उमटला असावा, देवांनी सांभाळून घेतले. चूक अशी होती, की पिनला ऐकायला बसवताना ती किंचित बिचकते, आणि तेवढ्यानेही एक खोटी हाक यंत्रात नोंदली जाते. ती पुसायची आणि मग इंटरप्ट सुरू करायचा. यांनी पुसलीच नव्हती. "निर्माल्यासकट घंटा वाजवली की वो मी!" म्हणत ते जिना चढून गेले, दुपारच्या गाडीने तासगाव गाठले, आणि ड्रायव्हरमध्ये घातलेल्या एका ओळीने भोंगा शहाणा झाला. पुढचे तीन दिवस वीज कितीदा तरी गेली-आली. भोंगा मुका राहिला. त्या मौनानेच बायकांचा विश्वास परतला. चौथ्या दुपारी तासगावावर खरेच आभाळ फुटले, भोंगा वाजला आणि साऱ्याजणी धावल्या. बहिणीचा फोन यांनी पहिल्याच घंटेला उचलला, हे मी स्वतः पाहिले. "दादा, वाचलं रं समदं!" ती म्हणाली, आणि हा बोलका माणूस नुसता "व्हय, व्हय" करत राहिला.

आता ते बहिणीकडे तासगावलाच राहतात. आसपासच्या शेडवाल्यांनीही त्यांना भोंगे मागितले आहेत. तिकडून आलेल्या बेदाण्याचा मी देवाला नैवेद्य दाखवतो. माझा प्राणायाम आता निर्विघ्न पार पडतो. देवाने मला क्षमा करावी, पण नाक धरल्यावर माझे कान अजून जिन्याकडेच लागलेले असतात.