रोझलीन टीचर आणि पिरॅमिडचा दगड

रोझलीन टीचरना रागावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लिफ्टपाशी. नायगावच्या आमच्या टॉवरला दोन लिफ्ट आहेत. एका सकाळी त्यातल्या नव्या लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला : घरकाम करणाऱ्या बायकांनी व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये. मी तो वाचत होते तेवढ्यात टीचर आल्या. त्यांनी तो नखाने खरवडून काढला, तिसऱ्या मजल्यावर जाऊन सेक्रेटरी जितेंद्र सावे यांची बेल वाजवली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

"यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत," त्या म्हणाल्या, "आणि बाकीचंही सगळं चूकच आहे."

कागद पुन्हा लागला नाही. सावेंनी मात्र महिनाभर टीचरशी बोलणं टाकलं होतं.

टीचर मूळच्या पाचूबंदरच्या. वडिलांची मासेमारीची बोट होती. घरात कॉलेजला गेलेल्या त्या पहिल्या. पुढे वसईतल्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. नवरा गेल्यावर नायगावला फ्लॅट घेतला, पण दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की भावाकडे, मायकलकडे, पाचूबंदरला जेवायला जायच्या आणि तिथेही त्याच्याशी भांडून यायच्या. राग हा त्यांचा आजार नव्हता, तब्येत होती. पण गेल्या वर्षी त्यांना जो राग आला तो वेगळाच होता. तो पिरॅमिडवरून आला, असं सांगितलं तर लोक हसतात.

आमच्या क्लबहाउसमध्ये शनिवारी संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. मी अजून ज्येष्ठ नाही, पण चहा चांगला असतो म्हणून जाते. सावेंनी एकदा पाहुणा बोलावला, हर्षवर्धन. यूट्यूबवर त्याचं मोठं चॅनल. जगातली गूढं उकलून सांगतो. विषय होता 'पिरॅमिडचं लपवलेलं सत्य'. मुलगा देखणा, बोलणं लोण्यासारखं. शिवाय तो टीचरचाच विद्यार्थी निघाला. आल्याआल्या त्यांच्या पाया पडला आणि माइकवर म्हणाला, "प्रश्न विचारायला मला या टीचरनी शिकवलं." टाळ्या पडल्या. टीचरचा चेहरा इतका फुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग तो बोलू लागला. पडद्यावर भलामोठा पिरॅमिड आला. "एकेक दगड दोन-अडीच टनांचा. असे वीसेक लाख दगड. लोखंड नाही, क्रेन नाही. आणि पुस्तकं आपल्याला काय सांगतात? की हे सगळं मजुरांनी केलं. अडाणी, उघड्या अंगाच्या मजुरांनी, दोरखंड ओढून. तुमच्या बिल्डिंगचं गळकं छत तरी मजुरांनी धड दुरुस्त केलं का?"

सगळे हसले. मीही हसले. टीचरचा चेहरा मिटत गेला.

"कुणीतरी मदत केली असणार," हर्षवर्धन आवाज खाली आणून म्हणाला. "कुणी, ते तुम्ही ठरवा. मी फक्त प्रश्न विचारतोय."

टीचर उभ्या राहिल्या. "मग मीही विचारते. हा पिरॅमिड बांधणाऱ्याच्या आधीच्या राजाने बांधलेल्या एका पिरॅमिडचा कोन अर्ध्यावर बदललेला आहे, माहीत आहे ना? खालून सरळ चढत गेले, मग लक्षात आलं की हे टिकणार नाही, म्हणून वरचा उतार कमी केला. आजही तो वाकडा दिसतो. परग्रहावरून आलेला इंजिनियर कोन चुकतो का? चुकतात ती माणसं. आणि पुढच्या वेळी सुधारतात."

"टीचर, तो वेगळा विषय..."

"विषय तोच. मजुरांचं गाव सापडलंय तिथे. पाव भाजायच्या भट्ट्या सापडल्यात. त्यांच्या कबरी आहेत, पिरॅमिडच्या शेजारीच. मोडून नीट जुळलेली हाडं आहेत, म्हणजे कुणीतरी त्यांच्यावर उपचार केले होते."

"गुलाम होते ते," सावे मधेच म्हणाले. "चाबकाने मारून काम करून घेतलं. साधी गोष्ट आहे."

"गुलामांना कुणी राजाशेजारी पुरतं का? तुम्ही तर बोलूच नका, सावे."

आता क्लबहाउसमध्ये रंग भरला. चहा निवला. एक काका म्हणाले मंत्रशक्ती, एक म्हणाले दगड साच्यात ओतले असतील. टीचर एकेकाला उत्तर देत होत्या. त्या उत्तरं चांगली देत होत्या, पण ऐकणारा दुखावला जाईल अशी देत होत्या.

हर्षवर्धनने शांतपणे विचारलं, "टीचर, मग सांगा. अगदी वरचे दगड वर कसे नेले? उतार कुठे होता, कसा होता?"

टीचर थांबल्या. "ते मला माहीत नाही. नक्की कुणालाच माहीत नाही. सरळ उतार असेल, फिरत जाणारा असेल, थोडा हा थोडा तो असेल. शोधणारे अजून भांडताहेत. माहीत नाही म्हणजे माणसांनी केलं नाही, असं होत नाही."

"थँक्यू, टीचर," तो म्हणाला.

त्या 'थँक्यू'चा अर्थ सोमवारी कळला. चॅनलवर छोटा व्हिडिओ आला. टीचर रागाने हात नाचवताहेत, मग एकदम थांबतात आणि म्हणतात, "ते मला माहीत नाही. नक्की कुणालाच माहीत नाही." तिथेच कापलेला. वर लिहिलेलं : 'सायन्स टीचरने शेवटी कबूल केलंच!' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आजी, औषध घ्या. आजी, मासे विका. पाचूबंदरच्या त्या, हे कुणाला कसं कळलं देव जाणे.

मी वर गेले तेव्हा टीचर मोबाइल हातात धरून उभ्या होत्या. "स्वप्ना, गाडी काढतेस?"

हर्षवर्धनचा स्टुडिओ सातिवलीला, एका औद्योगिक गाळ्यात. शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनवायचं युनिट, त्याचा धडधडाट. आत निळे दिवे आणि मऊ खुर्च्या. टीचर बसल्या नाहीत.

"माझं वाक्य अर्धं का कापलंस?"

"टीचर, छोट्या व्हिडिओत एवढंच मावतं. पूर्ण कुणी बघत नाही."

"मग पूर्ण टाकून बघ."

तो हसला. त्या हसण्यात उर्मटपणा नव्हता, लाड होता, आणि टीचरना तोच जास्त झोंबला असावा. "असं करू," तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ना माणसांनी ओढले? ओढून दाखवा. मी लाइव्ह करतो. जे होईल ते लोक बघतील. कापाकापी नाही."

"ठरलं," टीचर म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. गाडीत बसल्यावर मी तसं बोलून दाखवलं, तर मला म्हणाल्या, "विचार करून आलेला राग हा राग नसतो. तो हिशेब असतो."

टीचरच्या डोक्यात एक चित्र होतं. इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवरचं. पिरॅमिडच्या कितीतरी नंतरचं, पण त्याच लोकांचं. प्रचंड पुतळा लाकडी घसरगाडीवर ठेवलाय, माणसांच्या रांगा तो ओढताहेत आणि गाडीच्या पुढे एक माणूस उभा राहून वाळूवर पाणी ओततोय. वाळू बेताची ओली असली की घट्ट बसते आणि गाडीपुढे ढीग होत नाही, ओढायला निम्मा जोर पुरतो. हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय, असं त्यांनी आम्हांला समजावलं.

दगड मिळाला मायकलच्या अंगणात. वडिलांचं जुनं घर पाडलं तेव्हाचा जोत्याचा काळा दगड, चौघांना न हलणारा. मायकलने मोडक्या बोटीच्या फळ्यांची गाडी ठोकून दिली. ठोकताना त्याची कटकट चालू होती. "बाय, पानी कशाला? खाली ओंडके टाक. बोट आपन ओंडक्यांवर ओढतो."

"बोट ओली असते, वाळू घट्ट असते. कोरड्या वाळूत ओंडका रुततो."

"नाय रुतत."

करून पाहिलं तर ओंडके रुतले. मायकलने तो वाळूचा दोष ठरवला.

ठरल्या दिवशी सकाळी पाचूबंदरच्या किनाऱ्यावर जत्रा भरली. बोटींच्या पलीकडे कोरड्या वाळूचा पट्टा होता. कट्ट्यावरचे लोक टोप्या घालून आले, सावेसुद्धा. मासे सुकवणाऱ्या बायका परातींसह उभ्या. हर्षवर्धन दोन कॅमेरे घेऊन आला होता. दोराला आम्ही आठ-दहा जण लागलो. त्यात उर्सुला नावाची एक कोळीण होती, तिने पदर खोचला आणि मला मागे सारून पुढची जागा घेतली.

कोरड्या वाळूत गाडी हातभर सरकली आणि पुढे वाळूचा ढीग साचून अडली. हे तर दाखवायचंच होतं. "आता पाणी," टीचर म्हणाल्या.

मायकल बादली घेऊन धावला. भाऊ शेवटी. बहिणीला जगाने हसलेलं त्याला सहन होत नव्हतं, म्हणून एक बादली पुरे असताना तो ओततच राहिला. टीचर ओरडल्या, "बास, मायकल, बास," पण वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. वाळूचा चिखल झाला. आम्ही ओढलं. गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली बसली. पुन्हा ओढलं. दोर तुटला आणि आम्ही सगळे एकमेकांवर पडलो.

हर्षवर्धन कॅमेऱ्याकडे वळला. आवाजात दुःख आणून म्हणाला, "मित्रांनो, हा फक्त एक दगड होता. तिकडे वीस लाख होते." मग लाइव्ह बंद केलं आणि टीचरजवळ आला. "राहू द्या, टीचर. ऊन लागेल."

 कट्ट्यावरचे निम्मे लोक रिक्षा बघायला लागले. मायकल तोंड पाडून उभा होता. मला वाटलं, आता टीचर त्याच्यावर तुटून पडणार. त्या वाकल्या, चिखल हातात घेऊन दाबला, फेकला. थोड्या बाजूची वाळू घेतली, त्यावर ओंजळीने पाणी शिंपडलं, मुठीत दाबून बघितली. मूठ उघडली तर लाडू तसाच राहिला. "एवढं," त्या भावाला म्हणाल्या. "याच्या वर थेंब नको. आणि दुसरा दोर आण, जाळ्याचा नको, बोटीच्या नांगराचा."

गाडी चिखलातून उपसून नव्या जागी आणायलाच सगळ्यांची कंबर मोडली. सावेंनी बूट काढले आणि दोराला हात लावला. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. मायकल झारीने पाणी शिंपडत उलटा चालू लागला. उर्सुलाने आवाज दिला, आम्ही ओढलं आणि गाडी निघाली. घासत, पण निघाली. अडली नाही. आम्ही ती ओढत पार बोटींपर्यंत नेली. तिथे पोहोचल्यावर मला रडू आलं. का ते सांगता येत नाही.

हर्षवर्धन आपल्या कारमध्ये कॅमेरे भरत होता. त्याने सगळं पाहिलं होतं, लाइव्ह बंद असलं तरी एक कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. टीचर त्याच्याकडे गेल्या, त्यांच्यामागे मी.

"पाहिलंस?"

"पाहिलं. मस्त झालं, टीचर."

"मग आता हे टाक. आधीचं आणि हे, दोन्ही."

त्याने डिकी लावली. इकडेतिकडे बघितलं. "टीचर, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. माणसांनीच बांधले ते. मला काय माहीत नाही? मी सगळं वाचलंय. पण तसं सांगितलं तर बघणार कोण?"

 टीचरचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच मला भीती वाटली.

"मला वाटत होतं तू चुकतोयस," त्या म्हणाल्या. "आठवडाभर मी त्यासाठी धडपडतेय. चुकणाऱ्याला शिकवता येतं. पण तुला माहीत होतं. माहीत असून तू त्या लोकांना अडाणी म्हणालास. माझा बाप याच वाळूत दोर ओढत म्हातारा झाला, त्याच्या खांद्याला घट्टे होते. तुझा बाप सातिवलीला गोदामात पोती उचलायचा, हर्षवर्धन. शाळेत फॉर्मवर अंगठा द्यायला आला होता. तोही अडाणीच ना?"

त्याचा चेहरा उतरला. "टीचर, बाबांना मधे आणू नका."

"मी नाही आणलं. तू आणलंस, माइकवर, आणि लोक हसले." त्या वळल्या. "मला टीचर म्हणू नकोस यापुढे."

दुपारी त्याने व्हिडिओ टाकला. दोर तुटतो तिथपर्यंत. माझ्या भाच्याने, दीपेशने, आमचं यश मोबाइलवर टिपलं होतं, ते आम्हीही टाकलं. फार कुणी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यातल्या एकाने लिहिलं, हे एआयने बनवलेलं दिसतंय. टीचरनी ते वाचून मोबाइल सोफ्यावर असा आपटला की काच तडकली.

पुढच्या शनिवारी कट्ट्यावर त्यांनी ठराव मांडला : पाहुणा कुणीही असो, प्रश्नांना अर्धा वेळ. ठराव सावेंनीच उचलून धरला. मग लगेच म्हणाले, "पण गुलाम होतेच हो, टीचर," आणि पुन्हा जुंपली. तेव्हापासून आमच्या इमारतीत पिरॅमिडवर लोक भांडतात. वॉचमन आग्नेलचं म्हणणं, उतार फिरता असणार. टीचर त्याच्याशीही भांडतात, पुरावा मागतात.

हर्षवर्धनवरचा टीचरचा राग मात्र गेला नाही. दर रविवारी, पाचूबंदरहून परतल्यावर, त्या त्याला तडकलेल्या मोबाइलवरून एकच ओळ पाठवतात : पूर्ण व्हिडिओ टाक. मी एकदा म्हटलं, जाऊ द्या आता, तुमचंच बीपी वाढतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचे कप उचलून आत गेले.

ओळीखाली निळ्या खुणा येतात. उत्तर येत नाही. त्याने त्यांचा नंबर ब्लॉकही केलेला नाही.